पुत्रांनी घडविलेला पिता

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘कीर्ती आणि पुरावा’ हा विषय ठरविला आणि ज्याची कीर्ती अफाट पण पुरावा तुटपुंजा, अशा एखाद्या पुरुषाविषयी लिहावे असे पत्राने कळविले, तेव्हा आपल्याकडची पाच-सहा नावे एकदम मनात येऊन गेली. परंतु त्यांतील प्रत्येकाच्या पाठीशी एखादी जयंती, एखादा पुतळा आणि एखादी संघटना उभी असल्याकारणाने, स्वस्थचित्ताने लिहावयाचे तर मुलूख जरा दूरचा निवडलेला बरा, असा विचार करून मी उत्तर समुद्राकडे वळलो. तेथे राग्नार लोथब्रोक नावाचा एक व्हायकिंग सरदार आहे. 2013 पासून 2020 पर्यंत चाललेल्या ‘व्हायकिंग्स’ या मालिकेमुळे तो पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयीन मुलांनाही नावानिशी ठाऊक आहे. त्याच्यासारखी दाढी राखणारे आणि मस्तकाच्या दोन्ही बाजू तासून घेणारे तरुण मी ठाण्यात पाहिले आहेत. आणि तरीही, असा एक मनुष्य खरोखर जन्माला आला, वाढला आणि मेला, असे छातीवर हात ठेवून सांगणारा इतिहासकार आज सहसा सापडणार नाही.

रोस्किल्डच्या धक्क्यावर

राग्नारचा शोध ग्रंथालयातून सुरू करण्याऐवजी मी नौकेपासून सुरू केला, कारण माणूस बनावट निघाला तरी ज्या साधनाच्या जोरावर त्याची दहशत पसरली ते साधन अस्सल आहे. कोपनहेगनच्या पश्चिमेस रोस्किल्ड नावाचे शहर आहे आणि तेथील खाडीच्या काठी व्हायकिंग नौकांचे संग्रहालय आहे. अकराव्या शतकात, 1070 च्या सुमारास, शत्रूला शहरावर चालून येता येऊ नये म्हणून स्थानिक लोकांनी जुनी गलबते दगड भरून खाडीच्या अरुंद वाटेत बुडविली. 1962 साली भोवती बांध घालून, पाणी उपसून, त्यांतील पाच गलबतांचे अवशेष बाहेर काढण्यात आले. त्यांपैकी सर्वांत लांब जे युद्धगलबत, ते डेन्मार्कचे नव्हेच. त्याच्या लाकडातील वर्षवलये मोजून ते 1042 साली आयर्लंडात, डब्लिनच्या परिसरातील ओकाचे बांधलेले असल्याचे निश्चित झाले. त्याचीच पूर्णाकृती प्रतिकृती येथल्या सुतारांनी बांधून 2004 साली पाण्यात सोडली, आणि 2007 च्या उन्हाळ्यात साठांवर खलाशी तिच्यातून उघड्यावर झोपत, भिजत, वल्हवीत डब्लिनपर्यंत जाऊन पोहोचले.

ही नौका सुमारे 30 मीटर लांब आहे, तिला साठ वल्ही आहेत, आणि रुंदी मात्र चार मीटरांच्या आतली. धक्क्यावरून तिच्याकडे पाहताना ती इतकी सडपातळ वाटते की हिच्यातून माणसांनी उत्तर समुद्र ओलांडला हे खरे मानण्यास मन प्रथम तयार होत नाही. तिचे रहस्य शेजारच्या कारखान्यात उलगडते. येथील सुतार लाकडाला करवत लावीत नाहीत. ओकाच्या सोटात पाचरी ठोकून तो गाभ्यापासून सालीकडे फाकाफाकांनी चिरतात, आणि मग लांब पात्याच्या कुऱ्हाडीने प्रत्येक फाक तासून तिची फळी करतात. करवत लाकडाचे तंतू आडवेतिडवे तोडते. पाचर मात्र तंतूंच्या वाटेनेच जाते. म्हणून जेमतेम बोटभर जाडीची फळीही दणकट राहते आणि लाटेबरोबर वाकते. या फळ्या मंगलोरी कौलांप्रमाणे एकीची कड दुसरीवर चढवून लोखंडी खिळ्यांनी जोडतात व फटींत डांबरात भिजविलेली लोकर भरतात. आपल्या कोकणातला कलफात करणारा कारागीर येथे आला, तर त्याला कोणी काही समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

राग्नारच्या म्हणविल्या जाणाऱ्या काळातल्या, म्हणजे नवव्या शतकातल्या, नौका याहून आखूड होत्या. नॉर्वेत ओसेबर्ग येथे 834 साली पुरलेली नौका साडेएकवीस मीटरांची आहे. परंतु तत्त्व तेच: तळ उथळ, वजन हलके, शीड आणि वल्ही दोन्हींची सोय. अशी नौका कमरेइतक्या पाण्यातून जाते, तिला बंदर लागत नाही, वाळूच्या कोणत्याही पट्टीवर ती चढविता येते. ज्या राज्यांचे संरक्षण राजमार्गांवरच्या किल्ल्यांवर आणि घोडदळावर अवलंबून होते, त्यांच्या पोटात शिरण्यास प्रत्येक नदी हा एक उघडा दरवाजा ठरला. आणि शीड? ते लोकरीचे. एका मोठ्या शिडाची लोकर कातून विणण्यास गलबत बांधण्याहून अधिक मनुष्यबळ लागे, आणि ते काम बायकांचे होते. स्वाऱ्यांच्या कथांतून या विणकरणी कोठेच येत नाहीत.

सात हजार पौंडांची खंडणी

845 सालच्या मार्च महिन्यात अशा 120 नौका सीन नदीतून वर चढल्या आणि पॅरिसवर आल्या. त्यांच्या म्होरक्याचे नाव फ्रँकिश लेखक रेगिनहेरस असे देतात. राग्नार या नावाची समकालीन लेखणीने घेतलेली जी नोंद इतिहासकारांच्या हाती आहे, ती हीच. त्या वेळी फ्रँकांच्या पश्चिम राज्यावर टकल्या चार्ल्स राज्य करीत होता. त्याने आपली फौज नदीच्या दोन्ही काठांवर अर्धी-अर्धी वाटून उभी केली. व्हायकिंगांनी दोहोंतील लहान तुकडीवर घाला घातला, 111 कैदी धरले आणि दुसऱ्या काठावरची तुकडी डोळ्यांनी पाहत असता त्यांना नदीतील एका बेटावर फासावर लटकविले. यानंतर त्या दुसऱ्या तुकडीच्या मनाची अवस्था काय झाली असेल, हे सांगावयास नको. ईस्टरच्या सणात ते पॅरिसात शिरले, आणि अखेरीस चार्ल्सने 7000 पौंड मोजून त्यांना परत पाठविले.

एका कॅरोलिंजियन पौंडाचे 240 दिनार, म्हणजे ही रक्कम 16 लाख 80 हजार दिनारांची झाली. वजनाने चांदीच म्हटली तर अडीच टनांहून अधिक. चार्ल्सला पुष्कळांनी भेकड ठरविले आहे. मला तो हिशेबी वाटतो. दोनच वर्षांपूर्वी, 843 साली, व्हर्दनच्या तहाने आजोबा शार्लमेनचे साम्राज्य तीन भावांत वाटले गेले होते. त्या भावांवर विश्वास नव्हता, ब्रिटनीचे लोक बंड करून उठले होते, अक्विटेनमध्ये पुतण्या स्वतःला राजा म्हणवीत होता. अशा वेळी पाहुण्या लुटारूशी लढून फौज खर्ची घालावी की ती घरच्या शत्रूंसाठी राखावी, या पेचात त्याने खंडणी देऊन वेळ विकत घेतला. वीस वर्षांनी हाच चार्ल्स नद्यांवर तटबंदीचे पूल बांधून वाट अडविण्याचे हुकूम सोडताना दिसतो. मात्र खंडणीची ख्याती पसरावयास वीस वर्षे लागत नाहीत.

रेगिनहेरसचा शेवट पाद्र्यांनी मोठ्या समाधानाने लिहिला आहे. तो डेन्मार्कास परतला, राजा होरिकपुढे त्याने लूट मांडली, सेंट जर्मेनच्या मठातील एक तुळई आणि पॅरिसच्या वेशीचा अडसर विजयचिन्हे म्हणून दाखविली, आणि त्या मुलखात मेलेल्या लोकांतच जिवंत माणसांहून अधिक सामर्थ्य असल्याची तक्रारही केली. मग मठ लुटल्याच्या पापाचे फळ म्हणून त्याचे शरीर सुजले आणि तो मेला. रोग बहुधा खरा असावा, कारण स्वारीतील पुष्कळ लोक त्याच साथीत गेले. निदान मात्र मठाचे आहे.

सागांतला राग्नार

आता या पॅरिसच्या राग्नारापासून कथेतल्या राग्नाराकडे वळले, म्हणजे आपण निराळ्याच प्रदेशात येतो. आइसलँडात तेराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या सागा म्हणजे तिकडच्या बखरीच होत, आणि बखरींच्या विश्वासार्हतेविषयी राजवाड्यांनी वापरलेले कठोर शब्द ज्यांना आठवत असतील त्यांनी ते येथेही हाताशी ठेवावेत. पण वाचताना मात्र बाजूला ठेवावेत, कारण कथा उत्तम आहे.

गोटालँडच्या एका सरदाराने आपल्या थोरा नावाच्या मुलीला एक लहानसा साप दिला. तिने तो सोन्यावर ठेवला. साप वाढला तसे सोनेही वाढले, आणि अखेर तिच्या महालाला वेढा घालून तो अजगर असा बसला की त्याला रोज एक बैल खाऊ घालणाऱ्याशिवाय कोणाला जवळ जाता येईना. राग्नारने केसाळ कातड्याचे विजार-झगे डांबरात उकळून अंगात चढविले, विषाची पर्वा न करता अजगराला भाल्याने भोसकले आणि थोराला वरले. याच केसाळ विजारीवरून त्याला लोथब्रोक हे नाव पडले, असे सागाकार सांगतो. थोरा वारल्यावर नॉर्वेच्या किनाऱ्यावर त्याला क्राका नावाने राहणारी एक गरीब पण अतिशय सुंदर मुलगी आढळली. त्याने निरोप धाडला: मला भेटावयास ये, परंतु वस्त्रे नेसून नको आणि विवस्त्रही नको, जेवून नको आणि उपाशीही नको, एकटी नको आणि माणूस सोबत घेऊनही नको. हिरण्यकश्यपूने मागितलेला वर ज्यांनी लहानपणी ऐकला आहे, त्यांना या अटींची जात ओळखू येईल. ती मासे धरण्याचे जाळे गुंडाळून, वर मोकळे केस सोडून, तोंडाला पातीचा कांदा लावून आणि सोबत कुत्रा घेऊन आली. ही क्राका म्हणजे अर्थातच आस्लौग नावाची राजकन्या होती. सागांत गरीब मुलगी शेवटपर्यंत गरीब क्वचितच राहते.

या साऱ्यात मला जो भाग सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो मालिकेने पुरेसा उलगडला नाही. राग्नारचे मुलगे — अस्थिहीन ईव्हार, लोखंडी कुशीचा ब्यॉर्न, व्हीतसेर्क, डोळ्यात साप असलेला सिगुर्ड — मोठे होतात, दूरदूरचे मुलूख जिंकतात, आणि त्यांच्या कीर्तीने पित्याची झोप उडते. मुलांच्या पराक्रमापुढे आपले नाव मागे पडू नये, एवढ्याच कारणासाठी म्हातारा दोनच गलबते घेऊन इंग्लंडवर निघतो. बायको विनविते, त्याला अभेद्य सदरा देते. गलबते फुटतात, नॉर्थम्ब्रियाचा राजा एला त्याला धरून सापांच्या खड्ड्यात टाकतो, सदरा अंगावर असेपर्यंत साप शिवत नाहीत, मग सदरा उतरवितात आणि तो मरतो. मरताना स्वतःला म्हातारा डुक्कर म्हणवून घेतो आणि पिलांना हे कळले तर काय होईल, याची सूचना देऊन जातो.

एलाचे दूत ही बातमी घेऊन मुलांकडे येतात तो प्रसंग सागाकाराने फार तोलून रंगविला आहे. ब्यॉर्नच्या हातात भाला आहे. तो दांडा इतका आवळतो की बोटांचे ठसे उमटतात. व्हीतसेर्क पटावर सोंगट्या खेळत आहे. त्याच्या मुठीत सोंगटी अशी दाबली जाते की नखांतून रक्त येते. सिगुर्ड चाकूने नखे कापीत आहे. पाते हाडापर्यंत गेल्याचे त्याला कळत नाही. ईव्हार तेवढा दूतांना बारीकसारीक प्रश्न विचारीत बसतो. त्याच्या चेहऱ्याचा रंग मात्र क्षणाक्षणाला पालटतो. दूत परत गेल्यावर एला म्हणतो की भ्यायचे ते ईव्हारलाच. हा राजा सापांच्या बाबतीत मूर्ख असेल, पण माणसांचा त्याला अंदाज होता.

मुलगे मात्र खरे

आणि येथेच प्रकरण उलटते. 865 साली एक मोठी मूर्तिपूजक फौज इंग्लंडात उतरली, तिने पूर्व अँग्लियात मुक्काम करून घोडे मिळविले, आणि 1 नोव्हेंबर 866 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, यॉर्क घेतले. नॉर्थम्ब्रियात त्या वेळी एला आणि ओसबर्ट यांची गादीवरून भाऊबंदकी पेटलेली होती. हल्लेखोरांना ती माहीत नव्हती असे मानणे कठीण आहे. दोघे एक झाले तेव्हा उशीर झाला होता: 21 मार्च 867 रोजी यॉर्क परत घेण्याच्या लढाईत दोघेही पडले. एलाची पाठ चिरून बरगड्या पंखांसारख्या फाकविल्याची ‘रक्तगरुडा’ची जी कथा सांगतात, तिचे मूळ एका जुन्या कवनातील दुर्बोध ओळीचा अर्थ लावताना झालेल्या घोटाळ्यात आहे, असे रोबर्टा फ्रँक यांनी 1984 साली मांडले, वाद अजून चालू आहे, पण लढाईत पडलेल्या राजाला मागाहून एवढा विधी करीत बसणारी फौज माझ्या तरी कल्पनेत येत नाही.

या फौजेच्या सरदारांत ईव्हार आहे, हाल्फदान आहे, उब्बा आहे. हे अस्सल आहेत, त्यांच्या नोंदी इंग्लंडच्या दप्तरात आहेत. ब्यॉर्नही अस्सल: त्याने 858 साली टकल्या चार्ल्सपुढे निष्ठेची शपथ घेतली. आयर्लंडच्या इतिवृत्तात ब्रिटन आणि आयर्लंडातील सर्व नॉर्समनांचा राजा ईव्हार 873 साली वारल्याची नोंद आहे, आणि तो हाच असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. परंतु बापाच्या खुनाचा सूड घेण्यासाठी हे आले, असे फौज उतरली तेव्हाच्या इंग्लिश नोंदींत कोठेही नाही. राग्नारचे नावही नाही.

मग बाप आला कोठून? सुमारे 1070 च्या पुढे, म्हणजे दोनशे वर्षांनी, नॉर्मंडीचा एक भिक्षू ब्यॉर्नला लोथब्रोकचा मुलगा म्हणतो; जवळजवळ त्याच सुमारास ब्रेमेनचा अ‍ॅडम ईव्हारला तसाच बाप देतो. राग्नार आणि लोथब्रोक ही दोन नावे एकाच माणसाला जोडलेली प्रथम दिसतात ती आइसलँडच्या आरी थोर्गिल्सनच्या, 1130 च्या आसपासच्या, छोट्या इतिहासग्रंथात. त्यानंतर डेन्मार्कचा साक्सो येतो, राग्नारला राजसिंहासनावर बसवितो, लागेर्था ही शूर पत्नी देतो. ऑर्कनी बेटांवर मेसहोव नावाच्या अतिप्राचीन थडग्यात बाराव्या शतकातील नॉर्समनांनी भिंतीवर रून-अक्षरे खरडली आहेत. त्यांतील एका ओळीत लोथब्रोकच्या शूर मुलांचा उल्लेख आहे आणि तेथे लोथब्रोक ही चक्क स्त्री आहे. तेव्हा माझे मत असे की पॅरिस लुटणारा एक राग्नार होऊन गेला, लोथब्रोक नावाचे कोणी, पुरुष वा स्त्री, कथांत होते, आणि ज्या पराक्रमी भावांना, किंवा भाऊ म्हणविणाऱ्या सरदारांना, एकाच घराण्याचे तेज हवे होते त्यांच्या वंशजांनी व भाटांनी या दोहोंना शिवून एक पिता तयार केला. सागेतला म्हातारा मुलांच्या कीर्तीने अस्वस्थ होतो, यात सागाकाराने न कळत खरे सांगून टाकले आहे.

रेप्टनची हाडे

डर्बीच्या दक्षिणेस रेप्टन हे गाव आहे. चर्च, त्याला लागून एक जुनी शाळा, दगडी भिंती. चर्चच्या खाली मर्सियाच्या राजांचे तळघर आहे, त्यात अरुंद पायऱ्यांनी उतरावे लागते. आत चार खांब, दोरीसारखे पीळ घातलेले, आणि ओलसर गारठा. हे तळघर लोक विसरूनही गेले होते. 1779 साली वर कबर खणणारा एक मजूर थेट आत पडला तेव्हा त्याचा शोध लागला. या राजघराण्याच्या पवित्र जागेवरच 873 च्या हिवाळ्यात त्या मोठ्या फौजेने छावणी टाकली, आणि चर्चलाच तटाचा दरवाजा केले. मार्टिन बिडल आणि बिर्थे क्योल्बी-बिडल या दांपत्याने 1974 पासून येथे उत्खनन केले. त्यांना सापडलेला एक पुरुष पस्तीस ते पंचेचाळीस वर्षांचा: गळ्यात थोर देवाच्या हातोड्याचा चांदीचा ताईत, बाजूस तलवार, मांड्यांच्या मध्ये रानडुकराचा सुळा, शेजारी एका कावळ्याच्या जातीच्या पक्ष्याचे हाड, डाव्या मांडीच्या हाडावर खोल वार. शेजारच्या कबरीतला तरुण त्याचा निकटचा रक्ताचा नातलग, बहुधा मुलगा, असल्याचे अलीकडच्या जनुकतपासणीत दिसले.

जवळच्या टेकाडाखाली एका जुन्या दगडी खोलीत निदान 264 माणसांची हाडे रचलेली होती. तेथे 1686 च्या सुमारास थॉमस वॉकर नावाच्या मजुराने नऊ फुटी माणसाचा सांगाडा दगडी पेटीत पाहिल्याची हकीकत आहे. बाकीचे सांगाडे त्याच्याकडे पाय करून भोवती मांडलेले, असे तो म्हातारपणी सांगे. तो नऊ फुटी माणूस म्हणजे ईव्हार, असा तर्क बिडलांनी केला. मोहक तर्क आहे; पेटी मात्र कोणाच्या हाती लागलेली नाही. हाडांच्या कार्बन-तपासणीचे पहिले निकाल कित्येक हाडे फौजेच्या आधीची दाखवीत, म्हणून पुष्कळांनी हे व्हायकिंग नव्हेतच असे ठरविले होते. कॅट जार्मन यांनी 2018 साली कारण दाखविले: हे लोक मासे पुष्कळ खात, आणि समुद्रातला कार्बन जुना असल्याने मासेखाऊ माणसाची हाडे आहेत त्याहून म्हातारी भासतात. ती वजावट केल्यावर निकाल 873–74 शी जुळले. हाडांत बहुतेक तरणेताठे पुरुष आहेत, पण बायकाही आहेत; आणि टेकाडालगतच्या एका कबरीत चार मुले, पायाशी मेंढीचा जबडा. ही मुले कशाने मेली असतील याचा तर्क फार सुखद नाही.

याच ढिगाऱ्यात एक तांबड्या अकिकाचा मणी सापडला. जार्मन यांनी त्याचा माग काढीत रशियाच्या नद्या, बगदाद असे करीत पूर्वेस जाऊन तो गुजरातपर्यंत नेला आणि त्यावर 2021 साली ग्रंथ लिहिला. राजपिपळ्याच्या डोंगरांतील अकीक भाजून, घासून खंबायतेस मणी करण्याचा धंदा प्राचीन आहे, तेव्हा या माग काढण्यात असंभाव्य काही नाही. त्याच फौजेच्या आदल्या हिवाळ्याची छावणी टॉर्कसी येथे होती. तेथील शेतांतून शंभरांहून अधिक अरबी दिरहमांचे तुकडे, तोडलेली चांदी, वजने आणि शिशाच्या शेकडो सोंगट्या निघाल्या आहेत. नाणे पाहून नव्हे, तोलून घेण्याचा हा व्यवहार होता. लुटीला आलेली ही फौज बाजार सोबत घेऊन फिरत होती.

यॉर्कचा बाजार

यॉर्कमध्ये कॉपरगेट या गल्लीत 1976 ते 1981 उत्खनन झाले, आणि त्याच जागेवर 1984 पासून योर्विक संग्रहालय आहे; लहान गाडीत बसवून आपल्याला दहाव्या शतकातल्या गल्लीतून नेतात, तिचा उकिरड्याचा वासही सोडतात. येथे मोठ्या मानाने काचेत ठेवलेली एक वस्तू म्हणजे 1972 साली एका बँकेच्या जागेखाली सापडलेली, सुमारे वीस सेंटीमीटर लांबीची, व्हायकिंग काळातील मानवी विष्ठा होय. माझ्यापुढच्या रांगेतील मुलांना तलवारींपेक्षा तीच अधिक आवडली, आणि ज्ञानाच्या दृष्टीने त्यांची निवड चुकीची नव्हती: तो मनुष्य मांस आणि भाकरी खात होता व त्याच्या पोटात जंत होते, हे तीवरून कळते, राग्नारविषयी आपल्याला इतकेही माहीत नाही. बाकीच्या कपाटांत लाकडी वाडग्यांचे कातीवरून उतरलेले गाभे, हाडाच्या फण्या, चामड्याचे जोडे, रेशमी टोपी, तांबड्या समुद्रातली कवडी. शिंगांचे शिरस्त्राण एकही नाही. ते 1876 साली वाग्नरच्या संगीतिकेसाठी वेषकाराने रंगमंचावर आणले आणि तेथून जगभर गेले.

राग्नारच्या नावाने तिकिटे, पुस्तके, मद्याच्या बाटल्या खपतात, आणि खपोत. मालिका पाहावी, सागा मिळाली तर तीही वाचावी. इतिहास म्हणून मात्र मुलांकडे पाहावे, बापाकडे नव्हे. त्या मुलांतल्या हाल्फदानाने 876 साली नॉर्थम्ब्रियाची जमीन आपल्या माणसांना वाटून दिली आणि ते नांगरू लागले, अशी इंग्लिश इतिवृत्तात एका वाक्याची नोंद आहे. डर्बी, व्हिटबी, सेल्बी अशी ‘बी’ने संपणारी गावे तेव्हापासूनच्या नॉर्स वस्तीची आहेत, आणि त्यांची नावे आजही नकाशावर तशीच आहेत.